दहा नंबरचा पाना

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. नारायणगावात त्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावची मंडळी येतात, जत्रेची सुपारी ठरते आणि पुढचे दोन महिने फडांच्या गाड्या एका गावाहून दुसऱ्या गावाला धावत राहतात. त्या वर्षी त्या धावल्या नाहीत. कलावंतांचे ट्रक, बस, तंबूचं सामान, जनरेटर, सगळं जिथल्या तिथे उभं राहिलं. फडमालकांचं आणि कलावंतांचं त्या हंगामात जे बुडालं त्यापुढे गाडीची बॅटरी ही फार लहान गोष्ट आहे. पण ज्याची कमाईच गाडीच्या चाकांवर चालते, त्याला बंद पडलेली बॅटरी म्हणजे हातात पैसा नसताना समोर उभा राहिलेला आणखी एक हजारोंचा खर्च.

तीच गत घरच्या गाड्यांची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतलं घर बहुधा दोन ठिकाणी नांदतं, एक पाय गावात आणि एक मुंबईत. कुणाची मोटार मुंबईच्या चाळीखाली अडकली, कुणाची गावी पडवीसमोर. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि सह्याद्री ओलांडून याच भागावरून पुढे सरकलं. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, हिरड्याचं पीक हातचं गेलं, विजेचे खांब आडवे झाले. उभी गाडी आणि बंद वीज असा प्रसंग एरवी सुटासुटा येतो, तिथे तो एकदमच आला.

२५ मार्च ते ३ जून हे सत्तर दिवस होतात. या सत्तर दिवसांत बॅटरीचं काय होतं याचा हिशेब कागदावर मांडला की पुढचा सगळा विषय सोपा होतो.

लहान मोटारीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. किल्ली काढून दार लावलं की गाडी झोपली असं आपण समजतो, पण ती पूर्ण झोपत नाही. घड्याळ चालू असतं, सेंट्रल लॉक रिमोटची वाट पाहत जागं असतं, चोरीचा भोंगा पहाऱ्यावर असतो, इंजिन सांभाळणारा छोटा संगणक आपली स्मृती जपत असतो. या सगळ्यांचं मिळून नव्या मोटारीत २० ते ५० मिलिअँपिअर खाणं असतं. मधला ३० हा आकडा धरू. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, सत्तर दिवसांना ५० अँपिअर-तास. मुळात साठाच ३५ चा. म्हणजे वादळाची वाट न पाहता मेच्या मध्यालाच ती बॅटरी तळाला गेलेली असणार. विजेचे खांब पडले नसते तरी तिला कुणी चार्जर लावला नसता, कारण तोवर लोकांना ती संपत आल्याचं कळलंही नव्हतं.

आता दुसरी बाजू. बॅटरी गाडीपासून सोडवून नुसती बाजूला ठेवली तर? तीही आपोआप थोडी उतरते, कारण आतली रासायनिक क्रिया पूर्ण थांबत नाही. पण हा वेग अगदी मंद आहे. २५ अंश तापमानाला आजकालच्या बॅटरीचा महिन्याला तीन ते पाच टक्के साठा जातो. चार टक्के धरले तर ३५ ची बॅटरी महिन्याला १.४ अँपिअर-तास गमावते, म्हणजे दिवसाला सुमारे ०.०५. गाडीत जोडलेली असताना ०.७२ आणि सोडवल्यावर फक्त ०.०५. चौदापट फरक आहे, आणि तो फरक पाडायला वीज लागत नाही, चार्जर लागत नाही. दहा नंबरचा एक पाना लागतो.

म्हणून ‘वीज नाही, तर बॅटरी चार्ज कशी ठेवायची’ असं कुणी विचारलं की मी आधी प्रश्नच फिरवतो. भरायची कशी हे नंतर पाहू. आधी ती गळते कुठून ते बंद करू. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी गाडी उभी राहणार असेल, बॅटरी सुरुवातीला पूर्ण भरलेली असेल आणि निगेटिव्हची तार सुटी केलेली असेल, तर दसऱ्याला तिच्यात ऐंशी टक्क्यांच्या वर साठा उरतो आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. एवढ्यासाठी सोलर पॅनेलच्या दुकानात जायची गरज नाही.

निगेटिव्हच का, हे समजून घ्यायला हवं. मोटारीचा सगळा पत्रा, इंजिन, चासी हे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेले असतात. आधी पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक चुकून बॉनेटच्या पत्र्याला टेकलं, तर पान्यातूनच शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो. ठिणगी उडते, पाना लालभडक होऊ शकतो, हात भाजतो. आधी निगेटिव्ह काढलं की ती वाटच तुटते. मग पाना कुठेही लागला तरी काही होत नाही. जोडताना याच्या उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. सोडवलेली तार कापडात गुंडाळून लांब वळवून ठेवावी, नाहीतर ती स्प्रिंगसारखी परत येऊन टर्मिनलला टेकते. आणि सोडवण्याआधी खिडक्या वर करून घ्याव्यात, दाराची साधी किल्ली खिशात ठेवावी. वीज तोडल्यावर रिमोट चालत नाही. डिकी विजेवरच उघडणारी असेल तर तिच्यातलं सामानही आधीच बाहेर काढून ठेवलेलं बरं.

पण बॅटरी रिकामी पडली तर एवढं काय बिघडतं? मोबाइल संपला की आपण तो पुन्हा भरतो, हिलाही भरू. इथेच बहुतेकांची बॅटरी जाते, म्हणून इथे जरा थांबतो.

मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात बुडालेल्या असतात. बॅटरी प्रवाह देते तेव्हा ॲसिडातलं सल्फेट दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. चार्ज करताना हेच सल्फेट प्लेट सोडून परत पाण्यात येतं आणि ॲसिड पुन्हा तेज होतं. नुकतंच बसलेलं सल्फेट बारीक, पिठासारखं असतं. ते सहज विरघळतं. पण तसंच आठवडेच्या आठवडे पडू दिलं, तर त्याचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे, टणक खडे होऊ लागतात. जुन्या मधाच्या बरणीत तळाला दाणे धरतात, तसं. मध निदान कोमट पाण्यात बरणी ठेवली की पातळ होतो. प्लेटेवरचे हे खडे चार्जरला दाद देत नाहीत. ते बसलेल्या जागेतून प्रवाह जात नाही आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते.

त्यामुळे बॅटरी मरते ती बहुधा वापरून नव्हे, रिकामी पडून राहिल्याने. रोज पळणारी जीपगाडी तीच बॅटरी चार-पाच वर्षं वापरते आणि घरासमोर झाकून ठेवलेल्या मोटारीची बॅटरी दोन पावसाळ्यांत जाते, याचं कारण हे आहे. झाकण किती चांगलं होतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

हा साठवणीचा शोध ज्याने लावला त्या गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. १८५९ साली त्याने शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापडाची पट्टी, गुंडाळी करून ॲसिडात बुडवले. तेव्हा पॅरिसमध्येही घरोघर वीज नव्हती, वापरण्याजोगं जनित्रही नव्हतं. त्याने आपली बॅटरी भरली ती दुसऱ्या, साध्या रासायनिक घटांवर. म्हणजे जगातली पहिली शिशाची बॅटरी ही विजेच्या तारेशिवायच भरली गेली. मोटारीत ती महत्त्वाची झाली खूप नंतर, १९१२ च्या सुमाराला अमेरिकेत सेल्फ स्टार्टर आल्यावर. त्याआधी इंजिन हाताने फिरवत. आपल्याकडे जुन्या जीपला, ॲम्बॅसिडरला कितीतरी वर्षं हँडल येत असे, आणि ज्यांनी पावसाळ्यानंतर हँडल मारून गाडी चालू केली आहे ती पिढी अजून गावात आहे. त्यांच्या गाड्यांमध्ये चोरून वीज खाणारं काही नव्हतं. आजच्या गाडीला हँडल नाही, आणि ऑटोमॅटिक गिअरची असेल तर ती ढकलूनही चालू होत नाही. म्हणून ही काळजी आपल्या वाट्याला आली.

आता ‘पूर्ण भरलेली’ म्हणजे किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. ज्याच्याकडे उभी राहणारी गाडी आहे त्याने तो घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. गाडी बंद करून चार-पाच तास झाल्यावर टर्मिनलला लावायचा. नुकतीच गाडी फिरवून आल्यावर लावला तर आकडा फुगलेला येतो आणि आपण फसतो. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण. १२.४ म्हणजे पाऊण भाग. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव उरली, आणि ११.९ च्या खाली गेली की ती रिकामी समजायची. आकड्यांमधलं अंतर किती थोडं आहे पाहा: पाऊण व्होल्टात जवळजवळ सगळा साठा येऊन जातो. म्हणून ‘बारा दाखवतोय, म्हणजे ठीक आहे’ हा समज महागात पडतो. १२.४ च्या खाली आकडा गेला की भरायची वेळ झाली. झाकणाच्या बॅटरीत हायड्रोमीटर घालून ॲसिडची घनता बघता येते, भरलेली असताना ती १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते. बंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. तो सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो.

जागेचंही महत्त्व आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यांत बेल्ह्या-आण्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. तिथे ठेवलेली बॅटरी आणि जुन्या दगडी घराच्या माजघरात ठेवलेली बॅटरी यांच्यात दोन महिन्यांनी फरक दिसतो. बॅटरी जमिनीवर ठेवली की ‘जमीन करंट ओढून घेते’ असं अजून ऐकू येतं. लाकडी आणि पुढे कडक रबराच्या खोक्यांच्या काळात त्यात तथ्य होतं. ओल धरून खोक्यातूनच प्रवाह झिरपायचा. आजचं प्लॅस्टिकचं खोकं तसं झिरपू देत नाही. फरशीवर खुशाल ठेवा. फक्त वरचा भाग स्वच्छ आणि कोरडा हवा, कारण धूळ आणि ॲसिडची ओल मिळून दोन टर्मिनलांमध्ये बारीकशी वाट तयार करतात. पांढरट-निळसर क्षार चढले असतील तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवावं, पुसून वाळवावं आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. सोडा कप्प्यांच्या आत जाता कामा नये. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांना कायमचे चिकटतात.

बॅटरी घरात आणायची तर ती आडवी करू नये, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, आणि देवघराच्या किंवा चुलीच्या खोलीत चार्ज तर मुळीच करू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

सोडवून ठेवणं ज्यांना जमत नाही, किंवा गाडी सहा महिन्यांहून जास्त उभी राहणार आहे, त्यांनी ती भरायचा विचार करावा. आणि इथे आपल्या भागाकडे एक तयार विद्या आहे. शेताभोवती झटका मशीन लावलेलं ज्याने पाहिलंय त्याने उत्तर पाहिलेलंच आहे: एक लहान सोलर पॅनेल, एक १२ व्होल्टची बॅटरी, मध्ये चार्ज कंट्रोलर. मोटारीला हीच जोडणी चालते, फक्त झटका देणारी पेटी सोडून.

दहा वॉटचं पॅनेल पुरेसं होतं. स्वच्छ उन्हात ते अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह देतं, म्हणजे दिवसाला सुमारे अडीच अँपिअर-तास. गाडीचं जोडलेलं खाणं ०.७२ चं. नोव्हेंबर ते मे हा हिशेब आरामात जमतो, आणि उलट जास्त भरलं जाऊ नये म्हणून कंट्रोलर लागतो, तो १३.५-१३.८ व्होल्टच्या आसपास बॅटरी धरून ठेवतो आणि रात्री उलटा प्रवाह पॅनेलकडे जाऊ देत नाही. कंट्रोलर न लावता थेट पॅनेल जोडलेलं मी पाहतो तेव्हा मला बॅटरीची काळजी वाटते. पॅनेल उघड्यावर एकवीस-बावीस व्होल्टपर्यंत जातं. उन्हाळाभर तसं ठेवलं तर आतलं पाणी उकळल्यासारखं उडून जातं.

अडचण आहे ती पावसाळ्याची, आणि नेमकी तेव्हाच गाड्या उभ्या असतात. तीही सगळीकडे सारखी नाही. आणे पठारावर आषाढातही ऊन पडतं. पण पश्चिमेला घाटघरला, आहुप्याला, भीमाशंकरच्या अंगाला जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस धुकं हलत नाही. तिथे दहा वॉटचं पॅनेल भर दुपारीही स्वच्छ उन्हाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढं देईल. दिवसाला पाव ते अर्धा अँपिअर-तास धरा. गाडी जोडलेली असेल तर ०.७२ चं खाणं भागत नाही. पॅनेल छतावर असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि मालक मात्र निश्चिंत असतो. निगेटिव्ह सोडवलेलं असेल तर मात्र रोजची गळती ०.०५, आणि तेवढं भर धुक्यातलं पॅनेलही सहज देतं. पश्चिम पट्ट्यात पॅनेल लावा, पण पाना आधी चालवा.

पॅनेलच्या कलाबद्दल एक स्थानिक गोष्ट. पुस्तकांत ‘दक्षिणेकडे, अक्षांशाइतका कल’ असं सांगितलेलं असतं. जुन्नर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि वर्षभरासाठी तो कल ठीकच. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य इथे डोक्यावर किंवा थोडा उत्तरेलाच असतो. पावसाळ्यापुरतं पॅनेल जवळजवळ आडवं, पाणी आणि शेवाळ वाहून जाण्यापुरतं कलतं ठेवलं तर जास्त प्रकाश मिळतो. आणि डॅशबोर्डवर ठेवायची, सिगारेट लायटरच्या भोकात खोचायची छोटी पॅनेलं घेताना आधी पाहा: कित्येक गाड्यांत किल्ली काढली की ते भोकच बंद होतं. मग पॅनेल काचेमागे चकाकत बसतं आणि बॅटरीला काहीच पोचत नाही.

‘आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवा’ हा सल्ला घरोघर दिला जातो. त्यामागचा हिशेबही तपासू. सेल्फला दीडशे अँपिअर तीन सेकंद लागले तरी खर्च होतात जेमतेम ०.१३ अँपिअर-तास, ते इंजिन मिनिटाभरात भरून काढतं. खरं नुकसान आठवडाभरात झालेलं असतं, पाच अँपिअर-तासांचं. ते भरायला जागेवरची दहा मिनिटं पुरत नाहीत. बॅटरी जितकी भरत जाते तितका कमी प्रवाह घेते. शिवाय थंड इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं. चालू करायचीच तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणावी. घोडेगावहून मंचरला जाऊन यावं, टायरही एका जागी बसत नाहीत आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडलाय का तेही कळतं.

आणखी एक जुना मार्ग आहे आणि तो मला आवडतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी काढून, जीपमध्ये उभी ठेवून, बाजाराच्या गावी बॅटरीवाल्याकडे रात्रभर लावायची. ३५ च्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. तिचं वजन दहा किलोच्या आसपास असतं, एका माणसाचं काम आहे. बॅटरीवाला कप्पेही तपासून देतो.

एवढं करूनही एखाद्या सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टरवरून वायर लावायला हरकत नाही, तो १२ व्होल्टचाच असतो. मोठ्या ट्रकवरून मात्र लावू नये. तिथे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि त्या दाबाने मोटारीतला संगणक जळतो. लाल वायर दोन्ही पॉझिटिव्हना, काळी ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी हायड्रोजनपासून लांब उडते. गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. ती त्याच दिवशी रात्रभर चार्जरवर लावावी, उद्यावर टाकू नये.

जी बॅटरी दोनदा भरूनही रात्रीत उतरते, तिच्यावर आणखी पैसे घालू नयेत. ती भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदाराला परत करावी. कायद्याने तिचं शिसं परत कारखान्याकडे जायला हवं, आणि ती परसात फोडली तर तेच शिसं विहिरीच्या पाण्यात उतरतं.

पाऊस ओसरला, गाडी काढायचा दिवस आला, की आधी मल्टिमीटर. १२.४ किंवा वर असेल तर टर्मिनल कोरड्या कापडाने पुसायचे, पॉझिटिव्ह घट्ट करायचा, मग निगेटिव्ह. शेवटचा नट बसताना बारीकशी ठिणगी दिसते, ती गाडीतला संगणक जागा झाल्याची असते. घाबरायचं कारण नाही. किल्ली फिरवून अर्धा मिनिट थांबायचं, डिझेलची असेल तर हीटरचा दिवा विझू द्यायचा. घड्याळ लावायचं, खिडक्या एकदा पूर्ण खाली-वर करायच्या. मग सेल्फ.